शंभरात ८२, तरीही नापास

माझ्या टीममध्ये एक ज्येष्ठ इंजिनिअर आहे. वयानं माझ्या बाबांच्या बरोबरीचा, पण इथे सगळ्यांना पहिल्या नावानंच हाक मारायची पद्धत, त्यामुळे लिहितानाही माझ्याकडून 'तो'च येतं. नॉर्थ कॅरोलायनात जन्मला, इथेच वाढला, दर रविवारी न चुकता चर्चला जातो, स्वतःला अभिमानानं कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडीची बॅटरी बसली, तेव्हा रात्री साडेदहाला केबल घेऊन हाच माणूस आला होता. त्यामुळे पुढे मी जे काही लिहिणार आहे ते शत्रूबद्दल लिहीत नाहीये.

एकदा डबा खाताना विषय निवडणुकांवर गेला. तो म्हणाला, "२००८ ला मी मतदानाला गेलोच नाही. मॅकेनला धडा शिकवायचा होता."

मी विचारलं, "मग शिकला का?"

तो जरा वेळ काही बोलला नाही. २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ४३ लाख मतं पडली आणि ओबामा इथे जेमतेम १४ हजारांनी जिंकले. त्याच्या एकट्याच्या मतानं काही बदललं नसतं. पण धडा शिकवायला घरी बसलेला तो एकटाच होता का, हा प्रश्न त्यालाही पडत असणार.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. आपल्या पक्षाच्या शर्यतीत पुढे असलेला उमेदवार पुरेसा 'आपला' वाटत नसेल, तर त्याला पाठिंबा द्यायचा की रुसून बसायचं? अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह हा वाद गेली साठ वर्षं घालतायत. शाळेच्या पुस्तकातले जहाल-मवाळ हे शब्द इथे तंतोतंत बसत नाहीत, पण समजायला सोपे आहेत म्हणून वापरतो. माझं म्हणणं असं : जहालांनी मवाळ उमेदवाराशी सौदा करायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी त्याच्याकडे निष्ठेचा पुरावा मागितला आणि त्यांना मिळाला अभिनय. त्या अभिनयाची किंमत त्यांनी मोजलीच, शिवाय ज्यांना इथे मतच नाही अशा आमच्यासारख्यांनीही मोजली.

मी का बोलतोय?

इंजिनिअरिंग करून इथे एमएसला आलो, मग नोकरी, मग एच-वन-बीची लॉटरी. आता ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सुमारे ७ टक्केच. देश भारत असो की आइसलँड, टक्का तोच. त्यामुळे आमची रांग अशी आहे की आज ज्यांचा नंबर लागतो त्यांचे अर्ज दहा वर्षांहून जुने असतात. मराठी मंडळाच्या गणपतीत दोन अनोळखी माणसं भेटली की गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न असतो, "तुमची प्रायॉरिटी डेट काय?"

ही रांग कमी करू शकणारे कायदे दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. दोन्ही वेळा त्यांच्यामागे उभ्या असलेल्यांत जॉन मॅकेन होते. आणि दोन्ही वेळा ते अडवण्यात मोठा वाटा त्यांच्याच पक्षातल्या जहालांचा होता. मला मत नाही, पण या भांडणाचा हिशेब माझ्या पासपोर्टवर लिहिलेला आहे.

आरोपी कोण होता?

२००८ च्या सुरुवातीला मॅकेन रिपब्लिकन शर्यतीत पुढे आले, तेव्हा त्यांच्यावरची आरोपांची यादी तयार होती. निवडणूक निधीवर बंधनं घालणारा २००२ चा मॅकेन-फाइनगोल्ड कायदा. बुश यांच्या २००१ आणि २००३ च्या करकपातींविरुद्ध दिलेलं मत. न्यायाधीशांच्या नेमणुकांवर २००५ मध्ये दोन्ही पक्षांच्या १४ सिनेटरांनी केलेली तडजोड. आणि सगळ्यात मोठा गुन्हा, टेड केनेडींच्या सोबतीनं आणलेला स्थलांतर सुधारणेचा प्रयत्न.

यातलं एकही खोटं नव्हतं. पण प्रगतिपुस्तकाची दुसरी बाजूही बघा. गर्भपाताला विरोध करणारी मतं त्यांनी वर्षानुवर्षं दिली. सरकारी उधळपट्टीविरुद्ध ते स्वपक्षीयांशीही भांडले. इराकमध्ये जास्त सैन्य पाठवण्याची बाजू लोकप्रिय नसतानाही लावून धरली. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन ही संस्था खासदारांना त्यांच्या मतदानावरून शंभरपैकी गुण देते. मॅकेन यांची कारकिर्दीची सरासरी ८२ च्या आसपास होती. शेवटच्या वर्षांत ती घसरत होती, हेही खरं. तरी ८२ म्हणजे आपल्याकडे पेढे वाटतात. इथे नापास केलं.

तो जिंकला कसा?

जहालांची आवडती कथा अशी असते की मवाळ उमेदवार वॉशिंग्टनचे बडे लोक आणि मीडिया मिळून पक्षावर लादतात. आकडे वेगळं सांगतात. साउथ कॅरोलायनात मॅकेन यांना ३३ टक्के मतं पडली. हकबी, थॉम्पसन आणि रॉम्नी यांची मिळून ६० टक्के होतात. फ्लोरिडात मॅकेन ३६ टक्क्यांवर जिंकले आणि राज्याचे सगळे ५७ डेलिगेट घेऊन गेले. मिसुरीत तर ३३ टक्क्यांवर सगळे ५८. रिपब्लिकन पक्षानं बऱ्याच राज्यांत नियमच असा ठेवला होता : जो पहिला, तो सगळं घेऊन जाणार.

हा कट नाही, साधं गणित आहे. तीन जण एकाच गिऱ्हाइकासाठी भांडले आणि चौथा दुकान घेऊन गेला. रेडिओवरच्या जहालांना रॉम्नी हवे होते, चर्चवाल्या जहालांना हकबी, काहींना थॉम्पसन. कुणी कुणासाठी माघार घेतली नाही. वर्षभर आधी कुणी एकत्र बसून ठरवलंही नाही की आपला माणूस कोण.

आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यू नावाची पायरी असते. काही आक्षेप असतील तर ते तिथे घ्यायचे, भांडायचंही तिथेच. कोड प्रॉडक्शनला गेल्यावर "मला हे कधीच पटलं नव्हतं" म्हणणाऱ्याला टीममध्ये फार मान नसतो. प्रायमरी म्हणजे पक्षाचा कोड रिव्ह्यू. माझा सहकारी म्हणतो, "आमच्या राज्याची प्रायमरी मे महिन्यात. तोवर सगळं संपलेलं होतं." त्याच्यापुरतं हे बरोबर आहे, मॅकेन यांची उमेदवारी मार्चच्या सुरुवातीलाच पक्की झाली होती. पण रेडिओवर रोज लाखो लोकांशी बोलणाऱ्यांकडे, देणगीदारांकडे, संघटनांच्या प्रमुखांकडे पूर्ण वर्ष होतं. त्यांचा खरा गलका जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झाला. वरातीमागून घोडं.

आणि गलका केवढा! रश लिम्बॉ यांनी सांगितलं की मॅकेन किंवा हकबी उमेदवार झाले तर पक्षच उद्ध्वस्त होईल. अ‍ॅन कोल्टर टीव्हीवर म्हणाल्या की मॅकेन उमेदवार असतील तर आपण हिलरी क्लिंटन यांचा प्रचार करू. जेम्स डॉब्सन यांनी जाहीर केलं की आपली सदसद्विवेकबुद्धी मॅकेन यांना मत देऊ देणार नाही. ७ फेब्रुवारीला सीपॅक या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या वार्षिक मेळाव्यात रॉम्नी यांनी माघार घेतली आणि त्याच दिवशी मॅकेन त्याच मेळाव्यात बोलायला उभे राहिले. स्थलांतराचा विषय निघताच श्रोत्यांतून हुर्यो उडाली. जवळपास उमेदवार ठरलेल्या माणसाची, स्वतःच्याच लोकांकडून.

रुसणाऱ्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा

त्यांची बाजू मी सहकाऱ्याकडून नीट ऐकून घेतली आहे आणि ती मूर्खपणाची नाही. तो म्हणतो, विरोधी पक्षाचा अध्यक्ष आला तर आपण एकजुटीनं लढतो. आपलाच मवाळ अध्यक्ष आला की लढताही येत नाही. थोरल्या बुशनी १९८८ ला नवीन कर लावणार नाही असं ठणकावून सांगितलं आणि १९९० ला वाढीव करांच्या तडजोडीवर सही केली. त्याच वर्षी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमलेले डेव्हिड सूटर पुढे उदारमतवाद्यांच्या बाजूला जाऊन बसले. मग हरलेलं काय वाईट? चार वर्षं पडू दे, पक्ष शुद्ध होईल, मग खरा माणूस येईल. १९६४ ला गोल्डवॉटर फक्त सहा राज्यं जिंकले, पण त्यातूनच १९८० चे रेगन उभे राहिले.

रेगन यांचं नाव आलं की वाद संपला असं इथे मानतात. मला वाटतं तिथूनच तो सुरू व्हायला हवा. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये रेगन यांनी मोठी करवाढ केली आणि त्याच वर्षी गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८० ला उपाध्यक्षपदासाठी निवडला तो पक्षातला मवाळ, हेच थोरले बुश. अध्यक्ष म्हणून १९८६ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यामुळे बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. २००८ ची प्रश्नपत्रिका रेगन यांच्यापुढे ठेवली असती तर तेही नापास झाले असते.

बुश यांच्याबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. पण त्यातून निघणारा धडा 'रुसा' हा नाही. तो धडा आहे 'आधी नावं लिहून घ्या'. त्याकडे शेवटी येतो.

अभिनयाची शाळा

धमक्यांचा परिणाम झाला. फक्त हवा तो नाही.

३० जानेवारी २००८ ला, रेगन यांच्याच नावाच्या ग्रंथालयात झालेल्या चर्चेत मॅकेन यांना विचारलं गेलं की तुमचंच स्थलांतर विधेयक आज मतदानाला आलं तर बाजूनं मत द्याल का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं, लोकांना आधी सीमा सुरक्षित हवी आहे. ज्या करकपातींविरुद्ध मत दिलं होतं, त्या कायम ठेवायचं आश्वासन ते देऊ लागले. उपाध्यक्षपदासाठी त्यांच्या मनात जो लिबरमन होते. सल्लागारांनी सांगितलं की पक्ष पेटून उठेल. मग आल्या सारा पेलिन. लिबरमनना निवडलं नाही याची खंत मॅकेन यांनी २०१८ च्या आपल्या शेवटच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

आता यात जहालांच्या हाती काय लागलं बघा. मॅकेन यांचं मतपरिवर्तन झालं असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. आणि मधल्या मतदारांना जे एकच भांडवल दाखवता आलं असतं, म्हणजे हा माणूस मनाला पटेल तेच बोलतो, ते खर्च होऊन गेलं. आर्थिक संकट आणि बुश यांची घसरलेली लोकप्रियता पाहता मॅकेन तसेही हरले असते, हे मला मान्य आहे. पण हरण्याचेही प्रकार असतात. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना अरब म्हणाली. मॅकेन यांनी तिच्या हातातला माइक घेतला आणि सांगितलं की तसं काही नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत. त्या सभेत ओबामांबद्दल असं बरं बोलल्यावर त्यांच्याच समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली. मूळ मॅकेन दिसले की लोकांना आवडत नव्हते आणि नकली मॅकेनवर त्यांचा विश्वास नव्हता.

चार वर्षांनी रॉम्नी यांच्या वेळी तोच खेळ. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून २००६ मध्ये आरोग्यविम्याचा कायदा आणलेला हा माणूस २०१२ च्या सीपॅकमध्ये स्वतःला 'जबरदस्त कॉन्झर्व्हेटिव्ह' गव्हर्नर म्हणवून घेत होता. स्थलांतरितांचं जगणं इतकं अवघड करू की ते आपणहून परत जातील, असं धोरण त्यांनी प्रायमरीत मांडलं. त्यांच्याच सल्लागारानं टीव्हीवर सांगून टाकलं की प्रायमरी संपली की सगळं पुसून नव्यानं चित्र काढता येतं, मुलांच्या त्या पाटीसारखं. एक्झिट पोलनुसार हिस्पॅनिक मतदारांपैकी २७ टक्के रॉम्नींना मिळाले.

माझी रांग

या हरण्यानंतर पक्षाला थोडा वेळ शुद्ध आली. मार्च २०१३ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीनं आपल्याच पराभवाचा अहवाल काढला आणि त्यात सर्वंकष स्थलांतर सुधारणा स्वीकारा असं स्पष्ट लिहिलं. जूनमध्ये आठ सिनेटरांचं विधेयक, ज्यात मॅकेन पुन्हा होते, सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. त्यात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची ती ७ टक्क्यांची देशवार मर्यादा काढून टाकलेली होती. २००७ चं विधेयक सिनेटमध्येच ४६ विरुद्ध ५३ असं अडलं होतं. हे पुढे गेलं.

आणि प्रतिनिधिगृहात ते मतदानालाच आलं नाही. जून २०१४ मध्ये तिथले रिपब्लिकनांचे क्रमांक दोनचे नेते एरिक कँटर स्वतःच्या प्रायमरीत हरले. ते या विषयात फार काही मवाळ नव्हते, पण 'मवाळ आहे' एवढा संशय पुरला. मग कुणाची छाती होणार?

मी तेव्हा शाळेत होतो. माझ्याआधी या रांगेत उभ्या असलेल्या एका ताईची मुलगी वयाच्या दुसऱ्या वर्षी इथे आली आणि आता एकविसाची होईल, म्हणजे आईच्या अर्जातून बाहेर पडेल. तिला त्या मतदानाची तारीख माहीत नाही. तिच्या आईला पाठ आहे.

परीक्षा आवाजाची

एवढ्या कडक परीक्षा घेणाऱ्या पक्षानं शेवटी पास कुणाला केलं? २००१ ते २००९ डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्या, १९९९ मध्ये स्वतःला गर्भपाताच्या हक्काचा कट्टर समर्थक म्हणवणाऱ्या, हिलरी क्लिंटन यांना देणग्या दिलेल्या माणसाला. २०१२ च्या पराभवानंतर रॉम्नींच्या 'आपणहून परत जा' धोरणाला वेडगळ म्हणणारेही डोनाल्ड ट्रम्पच होते. नॅशनल रिव्ह्यूनं जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्ध अख्खा अंक काढला. साउथ कॅरोलायनात त्यांना साधारण एक तृतीयांश मतं पडली आणि सगळे ५० डेलिगेट मिळाले, कारण उरलेली मतं पुन्हा इतरांत वाटली गेली. आठ वर्षांत गणित कुणी शिकलं नव्हतं.

८२ गुणांचा माणूस नापास आणि हा पास, कारण परीक्षा मतदानाच्या नोंदींची राहिलीच नव्हती. कोण किती जोरात बोलतो याची झाली होती. वर्षानुवर्षं उमेदवारांना फक्त शब्द तपासून मार्क दिले की एक दिवस शब्दांत सगळ्यात तरबेज माणूस येतो आणि पहिला नंबर काढतो. उथळ पाण्याचा खळखळाट ऐकून विहीर निवडली, मग खोलीची तक्रार कुणाकडे करायची?

सौदा

पण याच २०१६ मध्ये जहालांनी एक गोष्ट बरोबर केली आणि ती मला आवडो न आवडो, सांगायलाच हवी. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ट्रम्प यांच्यावर कॉन्झर्व्हेटिव्हांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांना नावं हवी होती. मे महिन्यात ट्रम्प यांनी ११ न्यायाधीशांची यादी जाहीर केली. ती पुढे वाढत गेली. त्यांनी नेमलेले तिन्ही सर्वोच्च न्यायाधीश अशाच याद्यांतले. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला तेव्हा ते तिघेही बहुमतात होते.

तो निकाल मला पटलेला नाही. पण राजकारण कसं करतात याचं उत्तर त्यात आहे. मनातून न आवडणाऱ्या उमेदवाराकडून त्यांनी एक ठोस गोष्ट, निवडणुकीआधी, सगळ्यांसमोर, लिहून घेतली. 'तू मनापासून आमचा आहेस का' हे विचारण्यात वेळ घालवला नाही. सूटरच्या तक्रारीचं औषध हेच होतं. हीच यादी २००८ च्या फेब्रुवारीत मॅकेन यांच्याकडे मागता आली असती. मागितली काय, तर शरणागती.

म्हणून माझ्या सहकाऱ्याला आणि आपण मत देतो तिथे हाच हट्ट धरणाऱ्या माझ्या पिढीलाही माझं सांगणं आहे. प्रायमरीत हवं तेवढं भांडा, पण एका माणसामागे उभे राहून भांडा. हरलात तर जिंकलेल्याकडे दोन गोष्टी मागा, दहा नको. त्या मोजता येतील अशा मागा. मिळाल्या तर मत द्या, नाही मिळाल्या तर जाहीरपणे नका देऊ. पण गुपचूप घरी बसून 'धडा शिकवला' असं म्हणू नका. दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापलं तर दुसरा शुभकार्य थांबवत नाही.

परवा मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "२०२८ ला बघू कोण उभं राहतंय." मग विचारलं, "तू असतास तर कोणत्या दोन गोष्टी मागितल्या असत्यास?"

मी म्हटलं, "एकच. तो ७ टक्क्यांचा नियम."

त्यानं फोन काढला आणि नोट्समध्ये ते लिहून घेतलं. मत त्याचं आहे.